विश्लेषण : येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर शिडाच्या होड्या का धावत नाहीत?

समुद्रकिनारा नसलेल्या मध्य प्रदेशाने तलावातील सरावाच्या जोरावर आशियाई स्पर्धेत सेलिंगची पदके मिळवली. हिंगोली जिल्ह्यात आणि त्याच्या सीमांवर तीन मोठे जलाशय आहेत, तरी येथे हा खेळ रुजलेला नाही. अडचण पाण्याची आहे, वाऱ्याची आहे की आणखी कशाची?

चर्चेचे निमित्त काय?

जपानमधील आयची-नागोया येथे १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. त्यात सेलिंग, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यती, हा खेळ आहे. मागच्या, हांगझोऊच्या स्पर्धेत सप्टेंबर २०२३ मध्ये भारताला सेलिंगमध्ये तीन पदके मिळाली. नेहा ठाकूरने मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्य, तर विष्णू सरवनन आणि ईबाद अली यांनी कांस्यपदके पटकावली. यातील नेहा ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या एका शेतकऱ्याची मुलगी. ती घडली भोपाळच्या बड्या तलावावर. त्याआधी २०१८ च्या जकार्ता स्पर्धेत कांस्यपदक जिंकणारी हर्षिता तोमरही याच तलावावर तयार झाली.

देवास जिल्हा आणि हिंगोली जिल्हा यांच्यात साम्ये बरीच आहेत. दोन्हीकडे काळी माती, दोन्हीकडे सोयाबीन, आणि समुद्र दोघांनाही सारखाच लांब. फरक आहे तो शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत मुलीला होडीत बसवणारी जागा असण्याचा. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा असल्याचे आपण शाळेत पाठ केले. मराठवाड्यातील मुलाच्या दृष्टीने तो किनारा भूगोलाच्या पुस्तकातच आहे.

नौकानयन आणि सेलिंग एकच का?

नाही, आणि हा घोळ मराठी वृत्तपत्रांनीच वाढवला. वल्ह्यांची शर्यत (रोइंग), कयाक आणि शिडाची होडी या तिन्हींना आपण ‘नौकानयन’ म्हणून मोकळे होतो. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या टंचाईग्रस्त गावचा, विहिरी खोदण्याच्या कामावर राबलेला दत्तू भोकनळ २०१८ मध्ये आशियाई सुवर्णपदक विजेत्या चमूत होता. तो वल्ह्यांचा खेळ. तेथे ताकद आणि दम यांचा कस लागतो. सेलिंगमध्ये इंजिन नाही आणि वल्हेही नाही, वारा हेच इंधन असते. शीड, सुकाणू आणि होडीच्या पोटातून पाण्यात उतरणारी एक उभी फळी, एवढीच यंत्रसामग्री. ती फळी नसेल तर होडी पाचोळ्यासारखी आडवी वाहत जाईल.

क्लबांमध्ये असतात त्या लहान होड्या, म्हणजे डिंगी. मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही २.३ मीटर लांबीची, चौकोनी नाकाची होडी. दिसायला थेट आंघोळीच्या टबासारखी. तिचे वजन साधारण ३५ किलो, त्यामुळे दोन-तीन मुले ती उचलून पाण्यापर्यंत नेऊ शकतात. अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये ती प्लायवूडच्या फळ्यांतून घरी बनवता यावी अशा बेताने आखली होती. पंधराव्या वर्षापर्यंत मूल तिच्यात शर्यत करते. पुढची पायरी आयएलसीए, जिला २०१९ पर्यंत ‘लेझर’ म्हणत. तिची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. होडी एकच, शिडे तीन आकारांची : ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. पोरगी वाढेल तसे शीड बदलायचे, होडी तीच ठेवायची. कमी पैशांत चालणाऱ्या क्लबला हा मोठाच आधार.

शर्यत कशी होते?

पाण्यावर रेषा आखता येत नाही. म्हणून एका बाजूला पंचांची बोट आणि दुसऱ्या बाजूला तरंगता बोया यांच्यामधली काल्पनिक रेषा ही सुरुवातीची रेषा मानतात. पाच मिनिटे आधी भोंगा वाजतो आणि त्या वर्गाच्या होड्यांचा झेंडा चढतो. चार मिनिटे उरली की दुसरा, निळ्यावर पांढरा चौकोन असलेला झेंडा चढतो. एक मिनिट उरले की तो उतरतो, आणि वर्गाचा झेंडा उतरला की शर्यत सुरू. या पाच मिनिटांत होड्या थांबू शकत नाहीत, कारण त्यांना ब्रेक नाही. वीस होड्या रेषेमागे घिरट्या घालत, घड्याळाकडे एक डोळा ठेवून, शून्यावर बरोबर रेषेवर येण्याचा प्रयत्न करतात. एक सेकंद आधी ओलांडली तर परत यावे लागते. अर्धी शर्यत इथेच ठरते, असे जाणकार सांगतात ते खोटे नाही.

पहिला बोया मुद्दाम वाऱ्याच्या उगमाकडे ठेवलेला असतो. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन सोडून तिला नागमोडी जावे लागते, घाटातल्या रस्त्यासारखे. कोणत्या बाजूचे वळण घ्यायचे, कुठे वळायचे, वाऱ्याचा पुढचा झोत कोणत्या अंगाने येतो आहे, हे पाण्यावरच्या गडद सुरकुत्या बघून ओळखायचे. बैलाच्या कानावरून त्याचा रोख ओळखणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला ही विद्या परकी वाटू नये.

दोन होड्या एकमेकींवर चालून आल्या तर? ज्या होडीला वारा उजव्या अंगाने लागतो आहे, तिचा हक्क. दोघींना एकाच अंगाने वारा असेल आणि त्या एकमेकींना भिडल्या असतील, तर वाऱ्याकडची होडी दुसरीला वाट देते. हे नियम मोडले की शिट्टी वाजत नाही, कारण पाण्यावर प्रत्येक होडीमागे पंच नसतो. चूक करणाऱ्याने आपणहून बाजूला होऊन दोन गोल फेऱ्या मारायच्या. तो मान्य करत नसेल तर समोरच्याने ‘प्रोटेस्ट’ असे ओरडून सांगायचे, आणि किनाऱ्यावर आल्यावर तिघांच्या समितीपुढे खडूने किंवा खेळण्यातल्या होड्या मांडून वाद मिटवायचा. बारा वर्षांची मुले तेथे आपली बाजू नियमाचा क्रमांक सांगत मांडतात.

गुणांची पद्धतही उलटी. पहिल्याला एक गुण, पाचव्याला पाच. ज्याचे गुण कमी तो वर. अनेक शर्यतींची बेरीज करून सर्वांत वाईट शर्यत वगळतात. हांगझोऊत ११ शर्यतींनंतर नेहा ठाकूरचे एकूण गुण ३२ होते. तिची सर्वांत वाईट शर्यत होती पाचव्या क्रमांकाची. ते पाच गुण वजा होऊन २७ उरले. वाऱ्याने एक दिवस दगा दिला तर मेहनत मातीत जाऊ नये, एवढी सोय या खेळाने ठेवली आहे. शेतीत तेवढीही नाही.

महाराष्ट्रात हा खेळ कुठे अडकला?

मुंबईच्या बंदरात आणि लष्कराच्या तळांवर. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाडमधील सेलिंगच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ प्रकारात सुवर्ण जिंकले. पुण्याजवळ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासला जलाशयाच्या काठावरील पीकॉक बे येथे शीड हाताळायला शिकतात. विष्णू सरवनन सैन्यात आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या तरुणाला या खेळाची पहिली ओळख होते ती भरती झाल्यावर, म्हणजे अठराव्या-विसाव्या वर्षी. भोपाळ किंवा हैदराबादमधील मूल त्या वयात दहा वर्षांचा अनुभव घेऊन उभे असते.

हैदराबादचे उदाहरण हिंगोलीला जवळचे. निजामाच्या काळात हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. त्या हैदराबादच्या हुसेन सागरावर लष्कराच्या पुढाकाराने अनेक वर्षे शर्यती होत आल्या. २००९ मध्ये सुरू झालेल्या यॉट क्लब ऑफ हैदराबादने गरीब वस्त्यांतील आणि सरकारी शाळांतील मुलांना होडीत बसवायला सुरुवात केली. त्यातली काही राष्ट्रीय विजेती झाली. श्रीमंतांचा खेळ ही सेलिंगची ओळख खोटी नाही. होडी कोणाच्या मालकीची आहे यावर मात्र ती अवलंबून असते. होडी क्लबची असेल आणि पाळीपाळीने वापरली जात असेल, तर क्रिकेटच्या सामायिक किटपेक्षा वेगळे काही होत नाही.

हिंगोलीच्या आसपास पाणी किती?

पूर्णा नदीवर एकामागे एक दोन धरणे आहेत. वरचे येलदरी, परभणीच्या जिंतूर तालुक्यात. त्याचे पाणी मागे हिंगोलीच्या सेनगाव तालुक्यापर्यंत पसरते. एकूण क्षमता सुमारे ९३४ दलघमी, शिवाय पायथ्याशी २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र. खालचे सिद्धेश्वर, औंढा नागनाथ तालुक्यात. क्षमता सुमारे २५० दलघमी. कालवे निघतात ते सिद्धेश्वरमधून, येलदरी ही त्याची टाकी. तिसरे ईसापूर, पैनगंगेवर, यवतमाळ आणि हिंगोलीच्या सीमेवर. ते या दोहोंपेक्षा मोठे आहे.

धरण आणि तलाव यांत मात्र फरक आहे. भोपाळच्या किंवा हैदराबादच्या तलावाची पातळी वर्षभर फार हलत नाही. धरणाचे पाणी रब्बीच्या आवर्तनांत उतरते, उन्हाळ्यात आणखी खाली जाते आणि काठ शेकडो मीटर मागे सरकतो. ऑक्टोबरात जिथून होडी उतरवली तिथे एप्रिलमध्ये चिखलाची भेगाळलेली जमीन असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी होडीचे नाव काढणेही कोणाला रुचणार नाही, आणि ते बरोबरच.

येथे एक आकडा लक्षात घ्यायला हवा. सिद्धेश्वरच्या सुमारे २५० दलघमी क्षमतेपैकी उपयुक्त साठा केवळ सुमारे ८१ दलघमी. उरलेले सारे मृतसाठ्यात, म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली. बातमीत ‘सिद्धेश्वर शून्य टक्क्यांवर’ असे येते तेव्हा धरण कोरडे झालेले नसते. आतले खोल पाणी बरेच शिल्लक असते. येलदरीत उलट आहे : तेथील बहुतेक साठा उपयुक्त, त्यामुळे चढउतारही मोठा. डिंगीला मीटर-सव्वामीटर खोली पुरते. या हिशेबात तिन्हींमध्ये सिद्धेश्वर अधिक भरवशाचे.

आणि वारा?

खरी अडचण येथे आहे. दख्खनच्या पठारावर वारा जोराचा असतो तो जून-जुलैत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात. नेमके तेव्हा धरण तळाला असते. धरण भरते ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि ऑक्टोबरात मान्सून परतला की वारा पडतो. वारा आणि पाणी यांची गाठ पडते ती साधारण ऑगस्ट ते सप्टेंबरअखेर, पाऊस वेळेवर झाला तर. हैदराबादची मोठी शर्यत जुलैत घेता येते, कारण हुसेन सागरात तेव्हाही पाणी असते.

याचा अर्थ हिंगोलीत शर्यतींचा हंगाम सहा-आठ आठवड्यांचा. पुढे नोव्हेंबर ते फेब्रुवारी मंद वारा. तो शर्यतीला कंटाळवाणा, पण शिकण्याला उत्तम. नवख्या मुलाला पहिल्या दिवशी सोसाट्याचा वारा नकोच असतो. मार्चनंतर दुपारच्या वावटळी आणि वळवाचे वादळ यांचा काळ. तेव्हा होड्या उलट्या घालून ताडपत्रीखाली.

पाण्यावर आधीपासून कोण आहे?

जलाशय रिकामा कधीच नसतो. भोई आणि इतर मासेमार कुटुंबांच्या सहकारी संस्था ठेक्याने मासेमारी करतात. त्यांची जाळी संध्याकाळी पडतात आणि पहाटे निघतात, काही दिवसभर पाण्यात राहतात. डिंगीची उभी फळी जाळ्यात अडकली तर होडी थांबते आणि जाळे फाटते. त्याचे नुकसान कोण भरणार, हा प्रश्न पहिल्या होडीच्या आधी सुटायला हवा. कडेने शेतकऱ्यांचे विद्युतपंप आणि पाण्यात सोडलेल्या केबल आहेत. बुडित क्षेत्रातली जुनी झाडे आणि बांधांचे दगड पातळी उतरली की पाण्याच्या जेमतेम खाली लपतात. ते कुठे आहेत हे कोणत्याही नकाशात सापडणार नाही. मासेमारांना मात्र तोंडपाठ असते.

ईसापूर जलाशयाचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित आहे, त्यामुळे हिवाळी पाहुण्यांच्या काळात तेथे शर्यतीचा विचारही नको. भोपाळचा अनुभव याबाबत बोलका आहे. रामसर यादीतल्या त्या तलावात क्रूझ आणि मोटारबोटी बंद करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये दिला. शिडाची होडी आवाज करत नाही, तेल सांडत नाही. तिच्या मदतीला लागणारी बोट मात्र इंजिनाची असते, आणि वाद निघेल तो तिच्यावरून.

जागेची मालकी जलसंपदा विभागाची, पूर्णेची धरणे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे. कागद तेथूनच हलावा लागेल. आपल्याकडे धरणाच्या काठी कोणी जलक्रीडेचे नाव काढले की आधी रिसॉर्टचा आराखडा तयार होतो, शाळेच्या पोराला होडी शेवटी आठवते. हा क्रम उलटा झाला तरच पुढच्या चर्चेला अर्थ आहे.

बुडण्याच्या भीतीचे काय?

धरणावर जायचे नाही, हे मराठवाड्यातील प्रत्येक आईचे वाक्य आहे आणि त्याला कारणे आहेत. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट बुडून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या.

डिंगीच्या खेळात होडी उलटणे हा अपघात नसून पहिल्या दिवसाचा धडा असतो. होडीच्या पोकळ अंगात किंवा हवेच्या पिशव्यांत हवा कोंडलेली असते, त्यामुळे ती बुडत नाही. उलटल्यावर पोहत मागे जायचे, त्या उभ्या फळीवर वजन टाकायचे, की डोलकाठी पाण्यातून वर येते. प्रशिक्षक मुलांकडून हे मुद्दाम, पुन्हा पुन्हा करून घेतात. भीती जाते ती इथे. पण यासाठी तीन गोष्टी अटळ : प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, पोहण्याची परीक्षा, आणि मदतीची बोट पाण्यात असल्याशिवाय एकही शीड उघडायचे नाही हा नियम. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी आता चाळिशी ओलांडून गेली. विहिरी आटल्या, त्यावर जाळ्या आल्या, आणि तालुक्याच्या गावांत पोहण्याचा तलाव मुलींसाठी वेळ राखून चालवला जाणे दुर्मीळ. पोहणे न येणाऱ्या मुलांच्या जिल्ह्यात सेलिंगची पहिली पायरी होडी नाहीच.

क्लब चालवायला काय लागते?

इमारत लागत नाही. जगभरातल्या लहान क्लबांचे सामान म्हणजे एक शेड, पाण्यात उतरणारा उतार, दहा-बारा होड्या, कपडे बदलायला आडोसा आणि एक फळा, ज्यावर आज कोण कितवा आले ते लिहिलेले असते. माणसे मात्र पुष्कळ लागतात. कोणाला तरी बोये टाकायचे असतात, कोणाला वेळ धरायची असते, कोणी चहा करायचा असतो. अनेक क्लबांत पाळी असते : या रविवारी तुम्ही शर्यत करायची, पुढच्या रविवारी पंचांच्या बोटीत बसायचे. फाटलेले शीड शिवणे, गंजलेला स्क्रू बदलणे, हे सारे सभासदच करतात. गावच्या हरिनाम सप्ताहाची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

सिद्धेश्वरच्या काठी हे उभे करायचे तर सुरुवातीला आठ-दहा ऑप्टिमिस्ट, दोन आयएलसीए आणि इंजिनाची एक बोट पुरेल. ती बोट चालवायला मासेमार संस्थेतलाच माणूस पगारावर घेता येईल. पाण्याखालचे दगड त्यालाच ठाऊक असतात, आणि जाळी कुठे आहेत हेही. एनसीसीची नौदल शाखा नागपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातही चालते. तिच्या माजी छात्रांमध्ये शीड बांधता येणारी माणसे मिळू शकतात. सैन्यातून निवृत्त झालेले जवान तर मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आहेत. पहिल्या वर्षी शर्यत नको. जानेवारीत पोहणे, फेब्रुवारीत मंद वाऱ्यात होडी उलटी करून सरळ करणे, उन्हाळ्यात गाठी आणि नियम, ऑगस्टमध्ये पाणी आले की शीड. सप्टेंबरच्या एखाद्या रविवारी दुपारी तीन वाजता, पश्चिमेचा वारा धरणाच्या भिंतीकडे वाहत असताना, दोन बोयांमधली पहिली शर्यत होऊ शकेल. त्या दिवशी जाळी कोणत्या बाजूला टाकायची नाहीत, हे मासेमार संस्थेशी आदल्या आठवड्यात बोलून ठरलेले असले पाहिजे.